मेंदूतली तार ऐकू कशी लागली? मज्जातंतूंची भाषा उलगडणाऱ्या एडगर ॲड्रियन यांची गोष्ट

डिजिटल डेस्क, वाशी : पार्किन्सन किंवा हाताच्या कंपावर मेंदूत तार बसवून उपचार करतात, हे आता अनेकांना ऐकून माहीत आहे. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, थोडक्यात डीबीएस, असे या उपचाराचे नाव. तारेतून वीज जाते आणि हाताची थरथर कमी होते, एवढी माहिती बहुतेकांना असते. त्याच तारेतून मेंदूची स्वतःची वीज बाहेरही येते आणि ती टिपता येते, ही बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. बोटाला झालेला स्पर्श मेंदूच्या खोल भागात कधी पोहोचला, हे त्या तारेवर मिलिसेकंदाच्या हिशेबाने पाहता येते. ऐकण्याची ही विद्या ज्यांच्या प्रयोगशाळेत उभी राहिली, त्या एडगर ॲड्रियन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचे आयुष्य आणि त्यांच्या कामाचा आजच्या उपचाराशी असलेला संबंध समजून घेऊ.

मेंदूचे ऐकण्याची गरज काय?

डीबीएसची नेहमीची तार जाडीला सुमारे सव्वा मिलिमीटर असते. तिच्या टोकाशी धातूचे छोटे संपर्कबिंदू असतात. कवटीला छिद्र पाडून ही तार मेंदूच्या आत ठरलेल्या जागी नेतात. तिचे दुसरे टोक त्वचेखालून छातीत, गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीच्या यंत्राला जोडतात. हे यंत्र सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचे छोटे धक्के देते.

कंपाच्या आजारात ही तार बहुधा थॅलॅमस नावाच्या भागात बसवतात. थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या मध्यभागी असलेले जंक्शन. अंगभरातून येणारी स्पर्शाची माहिती इथे थांबून पुढे मेंदूच्या पृष्ठभागाकडे जाते. अडचण अशी, की कंपावर उपयोगी पडणारी जागा आणि स्पर्शाची माहिती घेणारी जागा अगदी एकमेकींना लागून आहेत. तार दोन-तीन मिलिमीटर मागे सरकली तर वीज स्पर्शाच्या केंद्रात सांडते. मग कंप कमी होण्याऐवजी रुग्णाच्या हाताला किंवा ओठांना सतत मुंग्या येतात. दोन्ही जागांच्या मधली सीमा एमआरआयच्या नेहमीच्या चित्रात ठळक दिसत नाही. म्हणून अनेक ठिकाणी डॉक्टर आधी ऐकतात. रुग्णाच्या बोटावर हलकेच ब्रश फिरवला आणि मेंदूतल्या बारीक सुईवर लगेच खळबळ उमटली, तर आपण स्पर्शाच्या केंद्रात आलो आहोत हे कळते.

ही खळबळ म्हणजे नेमके काय, ती कोणत्या भाषेत बोलते आणि त्या भाषेत हलका स्पर्श व जोराचा दाब यांतला फरक कसा लिहिलेला असतो, या प्रश्नांची उत्तरे १०० वर्षांपूर्वी कोणाकडेही नव्हती.

एडगर ॲड्रियन कोण होते?

एडगर डग्लस ॲड्रियन यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८८९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सरकारी खात्यात कायदा सल्लागार होते. वेस्टमिन्स्टर शाळेतून ते १९०८ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तिथे त्यांना कीथ लुकस हे शिक्षक भेटले आणि पुढच्या आयुष्याची दिशा ठरली.

लुकस शरीरक्रियाशास्त्र शिकवत, पण त्यांचा पिंड इंजिनीअरचा होता. लागणारी उपकरणे ते स्वतः आखत आणि घडवत. वैज्ञानिक उपकरणे बनवणाऱ्या केंब्रिजमधल्या एका कंपनीच्या संचालक मंडळावरही ते होते. मोजायचे असेल तर आधी मोजणारे यंत्र चांगले हवे, हा धडा ॲड्रियन यांनी त्यांच्याकडून घेतला. तळघरातल्या एका कोंदट खोलीत दोघांचे काम चाले. पुढे जगभर नाव झाल्यावरही ॲड्रियन यांची प्रयोगशाळा तशीच राहिली. तारा, जुने डबे आणि मेण लावून जोडलेली उपकरणे यांचा तिथे पसारा असे, आणि तो त्यांच्याखेरीज कोणालाच कळत नसे.

तेरखेड्याच्या फटाक्याशी मज्जातंतूचे नाते काय?

लुकस यांनी स्नायूच्या तंतूंबाबत एक गोष्ट दाखवून दिली होती. तंतू एक तर पूर्ण आकसतो किंवा अजिबात आकसत नाही. हाच नियम मज्जातंतूलाही लागू आहे का, हे तपासण्याचे काम ॲड्रियन यांनी अंगावर घेतले.

वाशी तालुक्यातले तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या फटाक्याचे उदाहरण घेतले तर हा नियम चटकन कळतो. वात काडीने पेटवा नाहीतर मशालीने, आवाज तेवढाच होतो. मोठी ज्योत लावली म्हणून बार मोठा होत नाही, आणि वात पेटलीच नाही तर काहीच होत नाही. शिवाय वातीवरून ठिणगी पुढे सरकते तेव्हा तिला लागणारी शक्ती वातीतल्याच दारूतून मिळते. काडीची शक्ती वाटेत खर्च होत नाही. मज्जातंतूतली विजेची लहर अशीच चालते, असे ॲड्रियन यांच्या प्रयोगांतून दिसू लागले. मज्जातंतूचा एक तुकडा भूल देऊन अशक्त केला, तर त्या तुकड्यातून जाताना लहर मंदावते. पण ती पार निघाली, तर पुढे पुन्हा पूर्ण जोमाने धावते.

फटाका आणि तंतू यांत फरक एवढाच, की फटाका एकदाच वाजतो. मज्जातंतू मात्र क्षणभर थांबून पुन्हा पेटायला तयार होतो.

या कामावर १९१३ मध्ये त्यांना ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप मिळाली. पण त्यातूनच मोठे कोडे उभे राहिले. प्रत्येक लहर सारखीच असेल, तर मेंदूला मोरपीस आणि चिमटा यांतला फरक कळतो कसा? या प्रश्नाच्या उत्तरासाठी त्यांना बारा-तेरा वर्षे थांबावे लागले. मध्ये महायुद्ध आले.

युद्धाने काय बदलले?

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ॲड्रियन यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घाईने पुरे केले आणि १९१५ मध्ये ते डॉक्टर झाले. आघाडीवर जायची त्यांची इच्छा होती, पण त्यांना इंग्लंडमध्येच ठेवण्यात आले. मज्जातंतूंना इजा झालेले आणि तोफांच्या धक्क्याने हादरलेले सैनिक त्यांच्या हाती आले. लुकस विमानांच्या होकायंत्रांवर काम करायला गेले होते. ५ ऑक्टोबर १९१६ रोजी दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ते मरण पावले. वय अवघे ३७. त्यांची अपुरी राहिलेली व्याख्याने ॲड्रियन यांनी संपादित केली आणि १९१७ मध्ये ती पुस्तकरूपाने आली.

याच काळातले एक प्रकरण ॲड्रियन यांच्या चरित्रात अवघड जागी बसते. अनेक सैनिकांची वाचा गेली होती, हात-पाय लुळे पडले होते, पण शरीरात कुठलीही जखम सापडत नव्हती. डॉ. लुईस येलँड यांच्यासोबत ॲड्रियन यांनी अशा सैनिकांवर विजेच्या धक्क्यांचे उपचार केले. धक्का वेदनादायक असे आणि सोबत डॉक्टरांचा हुकमी आवाज असे, की आता हात हलणारच. या उपचारांवर दोघांचा लेख १९१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही सैनिक बोलू-चालू लागले. पण तेव्हा सैनिकाने काय सोसले, याचा हिशेब लेखात नव्हता. येलँड यांच्या पद्धतीवर नंतरच्या इतिहासकारांनी कडक टीका केली.

डीबीएसच्या संदर्भात हे प्रकरण आठवणे भाग आहे. मज्जासंस्थेत वीज सोडणे सोपे असते. ती कुठे आणि किती सोडायची हे कळायला आधी त्या संस्थेचे ऐकावे लागते. ॲड्रियन यांचे युद्धानंतरचे सारे आयुष्य या दुसऱ्या कामात गेले.

बिघाड वाटला तो सिग्नल कसा निघाला?

१९१९ मध्ये ते केंब्रिजला परतले आणि लुकस यांची प्रयोगशाळा त्यांनी ताब्यात घेतली. १९२३ मध्ये हेस्टर पिन्सेंट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलोही झाले. काम मात्र अडले होते.

अडचण मोजमापाची होती. मज्जातंतूतली वीज व्होल्टच्या लाखाव्या भागात मोजण्याइतकी क्षीण असते. ती टिपायला लुकस यांचे जुने उपकरण होते. बारीक काचनळीत पारा, आणि विजेच्या बदलाबरोबर वर-खाली होणारी त्याची कड. त्या कडेची सावली सरकत्या फिल्मवर उमटे. उपकरण चपळ होते, पण एका तंतूची वीज त्याच्या आवाक्याबाहेर होती.

तोडगा रेडिओने दिला. युद्धात बिनतारी संदेशासाठी व्हॉल्व्ह, म्हणजे आजच्या ट्रान्झिस्टरचे पूर्वज, झपाट्याने सुधारले होते. अमेरिकेत अलेक्झांडर फोर्ब्स, हर्बर्ट गॅसर हे शास्त्रज्ञ त्यांचा वापर मज्जातंतूंसाठी करू लागले होते. गॅसर यांच्या आराखड्यावरून ॲड्रियन यांनी तीन व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर तयार केला. तो सिग्नल दीड-दोन हजार पटींनी वाढवत असे. १९२५ मध्ये त्यांनी तो बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूला जोडला.

जोडताच रेषा थरथरू लागली. इलेक्ट्रॉनिक्सचा प्रयोग केलेल्या कोणालाही असा अनुभव नवा नाही. पहिला संशय सैल जोडणीवर किंवा बाहेरून घुसलेल्या आवाजावर जातो. ॲड्रियन यांनाही यंत्रात बिघाड असल्याचे वाटले. तो शोधता शोधता त्यांच्या लक्षात आले, की स्नायू काचपट्टीवर आडवा ठेवला की रेषा शांत होते. तो गुडघ्यापासून खाली लोंबकळत ठेवला की थरथर पुन्हा सुरू होते. बिघाड यंत्रात असता, तर स्नायूच्या ठेवणीने फरक पडला नसता.

लोंबकळणारा स्नायू स्वतःच्या वजनाने ताणला जात होता. त्या ताणाची खबर स्नायूतली संवेदी टोके मज्जातंतूवरून वर पाठवत होती. बाहेरून विजेचा धक्का न देता, शरीर आपणहून पाठवत असलेली खबर ॲड्रियन यांच्या फिल्मवर उमटत होती. ज्याला ते गोंगाट समजले, तोच सिग्नल होता.

एका तंतूचे बोलणे वेगळे कसे काढले?

मज्जातंतू म्हणजे शेकडो-हजारो बारीक तंतूंची दोरी. सगळे एकदम बोलत असताना कोण काय म्हणते ते कळणार कसे? आठवडी बाजाराच्या मधोमध उभे राहून एका विक्रेत्याचा भाव ऐकण्यासारखेच ते होते. स्वीडनहून आलेले तरुण शास्त्रज्ञ इंग्वे झॉटरमन यांच्यासोबत ॲड्रियन यांनी एक सरळ मार्ग धरला. बोलणारेच कमी करायचे.

बेडकाच्या छातीजवळ एक लहानसा स्नायू असतो. त्यात संवेदी टोके मोजकीच असतात. दोघांनी त्या स्नायूच्या एकेक पट्ट्या कापत आणल्या. प्रत्येक कापणीनंतर रेषेवरची गर्दी कमी होत गेली. शेवटी एकच टोक आणि त्याचा एकच तंतू काम करत उरला. रेषेवर आता सारख्या उंचीचे, ठरावीक अंतराने येणारे टोकदार स्पंद दिसू लागले. संवेदना नेणारा एकच तंतू काय बोलतो, हे अशा प्रकारे पहिल्यांदाच नोंदवले जात होते. १९२६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्यात मोरपीस आणि चिमट्याच्या कोड्याचे उत्तर होते. स्नायूला हलके वजन लावले तर स्पंद विरळ येत. वजन वाढवले तर ते दाट येत. उंची मात्र तीच राही. हलगीवर एकाच जोराने टिपरी पडावी आणि फक्त लय वाढावी, तसे. जोर किती हे मेंदूला ठोक्याच्या आकारावरून कळत नाही, सेकंदाला किती ठोके पडले यावरून कळते. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर माहिती ॲम्प्लिट्यूडमध्ये नसून फ्रीक्वेन्सीत आहे.

दुसरी गोष्टही तिथेच दिसली. वजन तसेच ठेवले तरी काही वेळाने ठोके विरळ होत जातात. सकाळी घातलेल्या टोपीचा किंवा घड्याळाचा स्पर्श थोड्या वेळाने आपल्याला जाणवत नाही. अशा विसराची सुरुवात मेंदूच्या कितीतरी आधी, त्वचेतल्या आणि स्नायूतल्या टोकांपाशीच होते, हे या प्रयोगांनी दाखवले. ‘द बेसिस ऑफ सेन्सेशन’ या १९२८ च्या पुस्तकात ॲड्रियन यांनी हे सारे सोप्या भाषेत मांडले.

स्पीकर कुठून आला?

शस्त्रक्रियागृहात मेंदूतली सुई पुढे सरकते तेव्हा स्पीकरमधून चटचट आवाज येत असतो. ही पद्धतही याच काळातली आहे. अमेरिकेहून आलेल्या डेटलेव्ह ब्राँक यांच्यासोबत १९२८ च्या सुमारास ॲड्रियन यांनी श्वासाच्या पडद्याला जाणाऱ्या मज्जातंतूवर प्रयोग केले. ॲम्प्लिफायरला त्यांनी लाऊडस्पीकर जोडला. डोळ्यांना फिल्म धुऊन येईपर्यंत थांबावे लागते, कानाला लगेच कळते. ठोक्यांची लय ओळखण्यात तर कान फारच तरबेज असतो.

एकदा अंधाऱ्या खोलीत भेकाच्या डोळ्याच्या मज्जातंतूवर काम चालू होते. स्पीकरमधून सारखा खडखडाट येत होता. ॲड्रियन खोलीत फिरले की आवाज वाढे, थांबले की कमी होई. मग उलगडा झाला. त्या प्राण्याचा डोळा खोलीतल्या त्यांच्या हालचाली पाहत होता, आणि ते पाहणेच स्पीकरवर ऐकू येत होते.

ब्राँक यांच्यासोबत त्यांनी आणखी एक उपयुक्त गोष्ट केली. इंजेक्शनच्या पोकळ सुईत तिच्यापासून विलग केलेली बारीक तार बसवली आणि ती थेट स्नायूत टोचून माणसाच्या स्नायूतले सिग्नल टिपले. हात-पायांतली ताकद कमी झाल्यावर आज ईएमजी तपासणी सांगतात. तिच्यात वापरतात ती सुई याच रचनेची वारस आहे.

१९३२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ॲड्रियन आणि चार्ल्स शेरिंग्टन यांना विभागून मिळाले. ॲड्रियन तेव्हा नुकतेच ४३ वर्षांचे झाले होते.

मेंदूपर्यंत ते कसे पोहोचले?

जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२९ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या लहरी टिपल्याचे जाहीर केले होते. त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. ॲड्रियन यांनाही शंका होती, पण शंका घेऊन बसण्याऐवजी त्यांनी स्वतःच्याच डोक्याला इलेक्ट्रोड लावले. सहकारी ब्रायन मॅथ्यूज यांच्यासोबत त्यांनी १९३४ मध्ये केंब्रिजला शास्त्रज्ञांच्या बैठकीत हा प्रयोग करून दाखवला. डोळे मिटले की सेकंदाला सुमारे १० लाटा दिसत, डोळे उघडले की त्या नाहीशा होत. श्रेय त्यांनी बर्गर यांनाच दिले. ईईजी तपासणीला जगभर मान्यता मिळाली ती त्यानंतर.

याच सुमारास मॅथ्यूज यांनी दोन बिंदूंमधला फरकच फक्त वाढवणारा ॲम्प्लिफायर तयार केला. दोन्ही तारांवर सारखाच येणारा गोंगाट त्यात आपोआप वजा होतो. डिफरन्शियल ॲम्प्लिफायर हा इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा धडा. डीबीएसच्या तारेतून ऐकायची वेळ येते तेव्हा आजही त्याचीच मदत लागते.

१९३७ मध्ये ॲड्रियन केंब्रिजमध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी स्पर्शाचा मागोवा मेंदूपर्यंत नेला. प्राण्याच्या अंगाला स्पर्श करायचा आणि मेंदूवर कुठे खळबळ होते ते पाहायचे. डुकराच्या मेंदूत स्पर्शाची बहुतेक जागा एकट्या नाकाडाने व्यापलेली त्यांना आढळली. जो अवयव जग चाचपतो, त्याला मेंदूत जास्त जमीन मिळते. माणसात हा मान हाताला आणि ओठांना आहे. थॅलॅमसमध्ये तार थोडी चुकली तर मुंग्या नेमक्या हाताला आणि ओठांना का येतात, याचे कारण इथे सापडते.

या वर्षांत घरावर मोठा आघात झाला. १९४२ मध्ये गिर्यारोहण करताना हेस्टर यांना अपघात झाला आणि त्यांचा एक पाय कापावा लागला. त्यानंतरही त्यांनी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातले आपले काम सोडले नाही. त्या कामासाठी १९६५ मध्ये त्यांना डेम हा किताब मिळाला.

तिथून डीबीएसपर्यंतचा रस्ता कसा आहे?

माणसाच्या बाबतीत बेडकासारखे तंतू कापत जाणे शक्य नव्हते. गोंगाटातून सिग्नल काढायला दुसरी युक्ती हवी होती. लंडनमध्ये जॉर्ज डॉसन यांनी ती १९४७ ते १९५४ या काळात विकसित केली. मनगटावरच्या मज्जातंतूला पुन्हा पुन्हा हलका विजेचा धक्का द्यायचा आणि दर वेळची नोंद एकमेकींत मिळवायची. गोंगाट दर वेळी वेगळा असतो, म्हणून तो आपसात कटत जातो. स्पर्शाचा प्रतिसाद दर वेळी ठरल्या क्षणी येतो, म्हणून तो ठळक होत जातो. १०० वेळा मिळवणी केली की सिग्नल गोंगाटाच्या तुलनेत १० पट वर येतो.

१९६० च्या दशकात पॅरिसमध्ये न्यूरोसर्जन जेरार गियो आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेनिझ आल्ब-फेसार यांनी थॅलॅमसमध्ये बारीक सुई घालून पेशींचे आवाज ऐकत शस्त्रक्रिया सुरू केल्या. सुई कुठल्या भागात आहे, हे ते रुग्णाच्या हाताला स्पर्श करून ओळखत. १९८७ मध्ये फ्रान्समध्येच ग्रेनोबल इथे आलीम-लुई बेनाबिद आणि सहकाऱ्यांनी थॅलॅमसला सतत विजेचे स्पंद देऊन कंप थांबवता येतो हे दाखवले. आजच्या डीबीएसची सुरुवात तिथून धरतात.

आता तीच बसवलेली तार ऐकण्यासाठीही वापरता येते. मनगटाला हलका धक्का दिला की स्पंद हातातून पाठीच्या कण्याकडे, तिथून मेंदूच्या देठातून थॅलॅमसमध्ये येतो. या प्रवासाला सुमारे १५ ते १८ मिलिसेकंद लागतात. मेंदूच्या पृष्ठभागावर तो साधारण २० व्या मिलिसेकंदाला दिसतो. तारेच्या कोणत्या संपर्कबिंदूवर हा प्रतिसाद सर्वांत मोठा आहे, यावरून स्पर्शाचे केंद्र किती जवळ आहे याचा अंदाज बांधता येतो. रुग्णाला जाणवलेल्या मुंग्या आणि एमआरआय किंवा सीटी स्कॅन यांच्या जोडीला हा आणखी एक पुरावा मिळतो. सर्वच रुग्णालये ही चाचणी नेहमी करतात असे नाही, पण तार योग्य जागी आहे का हे रुग्णाला काही न विचारता तपासण्याचा हा एक मार्ग आहे.

भारतात हे काम कुठवर आले?

संवेदी मज्जातंतूंच्या अभ्यासाची परंपरा भारतात डॉ. अवतारसिंग पेंटल यांनी पुढे नेली. एडिंबरात शिकून आलेल्या पेंटल यांनी एकेका तंतूची नोंद घेत फुफ्फुसातली ‘जे रिसेप्टर’ ही संवेदी टोके शोधली. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे दीर्घकाळ काम चालले. चेन्नईत डॉ. बी. राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या खोल भागातल्या शस्त्रक्रियांचा पाया घातला. महाराष्ट्रात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस डीबीएस शस्त्रक्रिया सुरू केल्या.

वाशी, भूम, कळंबसारख्या तालुक्यांतल्या रुग्णाला आजही यासाठी मोठे शहर गाठावे लागते. म्हणून काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. डीबीएसने पार्किन्सन बरा होत नाही, काही लक्षणे आटोक्यात येतात. प्रत्येक रुग्णाला हा उपचार चालत नाही, ते न्यूरॉलॉजिस्टच ठरवतात. शस्त्रक्रियेच्या काही टप्प्यांत रुग्णाला अनेकदा जागे ठेवतात. हात उचला, बोट हलवा, मुंग्या येतात का सांगा, असे विचारतात. हा डॉक्टरांचा निष्काळजीपणा नव्हे. तार योग्य जागी बसावी म्हणून रुग्णाचे उत्तर त्यांना हवे असते.

अजून अडते कुठे?

वीज सोडत असताना ऐकणे फार कठीण असते. तार काही व्होल्टचे स्पंद सोडते, आणि मेंदूचा आवाज मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे जवळपास दहा लाखपट लहान असतो. डीजेच्या भिंतीसमोर उभे राहून शेजाऱ्याची कुजबुज ऐकण्यासारखे ते आहे. त्यासाठी वीज सोडणाऱ्या बिंदूच्या दोन्ही बाजूंच्या बिंदूंवर ऐकतात आणि फरक घेतात, म्हणजे मॅथ्यूज यांचाच उपाय. २०२० पासून मेंदूच्या लहरी नोंदवू शकणारी डीबीएस यंत्रे रुग्णांसाठी उपलब्ध झाली आहेत. २०२५ मध्ये अमेरिका आणि युरोपात, लहरी पाहून वीज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पार्किन्सनच्या यंत्रणेला मान्यता मिळाली.

शेवटची वर्षे

ॲड्रियन १९५० ते १९५५ रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९५१ पासून १९६५ पर्यंत ते ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख, म्हणजे मास्टर होते. १९५५ मध्ये त्यांना लॉर्ड हा किताब मिळाला. मानमरातब वाढले तरी जमेल तेवढा वेळ ते प्रयोगशाळेत घालवत आणि वास कसा येतो यावर काम करत. सायकलवरून गावभर सुसाट फिरणारे, आणि प्रयोगात व्यत्यय आणणाऱ्याला टाळण्यासाठी पळ काढणारे म्हणून केंब्रिज त्यांना ओळखत असे. हेस्टर १९६६ मध्ये गेल्या. ॲड्रियन यांचे ऑगस्ट १९७७ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी निधन झाले. आजच्या डीबीएसची सुरुवात व्हायला तेव्हा अजून १० वर्षे अवकाश होता.

डीबीएसच्या शोधकांच्या यादीत त्यांचे नाव येत नाही, आणि ते बरोबरही आहे. मेंदूत कायमची तार ठेवण्याचा विचार त्यांनी मांडला नव्हता. पण मज्जातंतूला वीज देण्याइतकेच त्याच्याकडून वीज घेणेही शक्य आहे, आणि त्या विजेत अर्थ आहे, हे त्यांनी सिद्ध केले. शस्त्रक्रियागृहात बोटाला ब्रश लागताच स्पीकरमधून येणारी चटचट डॉक्टरांना कळते, कारण तिची भाषा १९२६ मध्येच वाचली गेली होती.